हरळीचे लाड

पुण्यात लॉन सांभाळणाऱ्याची खरी परीक्षा उन्हाळ्यात होते असं लोक समजतात. मला विचाराल तर ती गणपती गेले की सुरू होते. जून ते सप्टेंबर माळीकाम आभाळच करतं. पाणी घालायचं नाही, खत घातलं तर वाहून जायचं, ओल्या गवतावर यंत्र फिरवायची सोय नाही. आपण चार महिने व्हरांड्यातून कौतुक करायचं आणि आल्यागेल्यानं 'काय हिरवंगार ठेवलंय हो' म्हटलं की ते आपल्या खात्यावर जमा करायचं. मग अनंत चतुर्दशी होते, पितृपक्षात पाऊस एकदोनदा मागे वळून बघतो, घटस्थापनेच्या सुमारास ऊन चटके द्यायला लागतं, आणि त्या हिरवेपणात कोण कोण बिनभाड्यानं राहायला आलंय ते दिसू लागतं.

आमचं लॉन म्हणजे सहकारनगरातल्या जुन्या बंगल्यापुढचा पाचेकशे चौरस फुटांचा तुकडा. एका बाजूला आंबा, कुंपणाबाहेर रस्त्यावर बुचाचं झाड. सासऱ्यांच्या काळी इथे नुसतं अंगण होतं, सडा घालायचं. लॉनची हौस आमच्या पिढीची. सोलापूर रस्त्यानं उरुळी कांचनकडे निघालं की दोन्ही हातांना रोपवाटिका लागतात, तिथून चौरस फुटाच्या भावानं हिरवे तुकडे टेम्पोत घालून आणले आणि लाल मातीवर शेजारी शेजारी मांडले. हे सगळं अर्ध्या दिवसात झालं होतं. उरलेलं आयुष्य त्याच्या देखभालीचं.

आता ऑक्टोबरात त्या तुकड्यावर बसून पाहिलं तर गवत निम्मंच आहे. बाकी लव्हाळा, जमिनीला चिकटून पसरलेली लालसर देठांची दुधी, नळाजवळ माका, कुंपणाच्या कडेला गाजरगवत. गाजरगवताची भारतातली पहिली नोंद १९५०च्या दशकात पुण्यातच झाली, तेव्हा त्याला उपरं म्हणायचीही सोय नाही, आपल्याच गावचं. आंब्याखाली गवत विरळ होऊन शेवाळाची निसरडी सायच धरलेली. आणि जिथे गवत आहे तिथे ते इतकं माजलंय की पायाखाली माती लागतच नाही.

सप्टेंबर लागला की मुलीचा ओहायोहून फोन येतो आणि तिच्याकडेही हाच विषय चाललेला असतो. तिकडे शनिवार-रविवार सगळी गल्ली लॉनवर. कुणी भाड्यानं यंत्र आणून जमिनीतून बोटभर मातीच्या गुंडाळ्या उपसून काढतंय, कुणी बी भुरभुरवतंय, कुणी खताची पोती ओढतंय. मेपलची पानं गळायला लागली की गोळा करत बसायचं नाही, त्यांच्यावरून गवत कापायचं यंत्रच फिरवायचं. पानांचा चुरा होतो आणि गवताच्या बुडाशी कुजून खत होतं. ही पद्धत मला फार पटली. मुलीला मात्र आईनं आपल्याकडून काही शिकावं अशी घाई असते. "आई, तूपण आत्ताच बी टाक. आणि खत भरपूर दे. स्प्रिंगमध्ये बघ कसं येतं ते."

तिचं तिच्या अंगणापुरतं बरोबर आहे. तिच्याकडचं गवत थंडीचं. केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू ही त्यांची नावं, आणि ती जोमानं वाढतात साधारण १५ ते २४ अंशांत. उन्हाळ्यात ती दमतात, ऑगस्ट संपता संपता हवा निवळली की परत उभारी धरतात. म्हणून तिकडे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बी टाकतात. माती अजून ऊबदार असते, रोप धुक्या-हिमाआधी मूळ धरतं. शरदातलं खत तिथलं गवत मुळांत साठवून ठेवतं आणि बर्फ वितळल्यावर त्यावर उठतं. सगळा हिशेब पुढच्या वसंतावर डोळा ठेवून.

आपल्याकडचं गवत उष्ण मुलखाचं. तीस-पस्तीस अंशांत ते खूश. पुण्यात ऑक्टोबरची रात्र १९-२० अंशांची असते, नोव्हेंबरात १५ वर येते, डिसेंबरात त्याहून खाली, आणि पंधराच्या खाली पारा रमला की आपलं गवत अंग चोरायला लागतं. म्हणजे ऑक्टोबर हा त्याचा शेवटचा जोर. पाऊस गेलाय, जमिनीत ओल आहे, ऊन भरपूर आहे, तेव्हा ते सुटतं सैरावैरा. त्याला आणखी चारून काय करायचं? ओहायोत गवताला उठवायचं असतं, इथे बसवायचं. पानगळीचंही तसंच. आपली पानं शरदात कुठे गळतात? ती गळणार शिशिरात, जानेवारी-फेब्रुवारीत, जेव्हा लॉन आधीच पिवळट होऊन पडलेलं असतं. ऑक्टोबरात आमच्या गवतावर पडतात ती बुचाची फुलं. सकाळी लांब देठांची पांढरी फुलं गवतात उभीच्या उभी अडकलेली असतात, आणि शाळेत जाणाऱ्या मुली दोऱ्याशिवाय त्यांची वेणी विणतात. त्यांच्यावर यंत्र फिरवायची माझी तरी छाती होत नाही.

आमच्याकडे काम करणारे माळीमामा मंगळवेढ्याकडचे. पुण्यात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण लॉन या प्रकाराबद्दलचं त्यांचं नवल अजून ओसरलेलं नाही. कारण हे जे आपण चौरस फुटावर पैसे मोजून लावतो, ती हरळी आहे. रोपवाटिकेत तिला काहीही भारी नाव असो, निवडून सुधारलेला वाण असो, जात हरळीचीच. तीच दूर्वा. "वहिनी, आमच्याकडं रानात हरळी शिरली की बाप जेवायचा न्हाई," मामा सांगतात. "उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, काशा येचून बांधावर वाळवायच्या, जाळायच्या. त्यातली येक जरी राहिली तर पावसाळ्यात पुन्हा हजर. आन् तुमी इकत आणून तिला पाणी घालताय." हे बोलताना त्यांच्या हातात पाण्याची नळी असते.

ज्या गुणांसाठी शेतकरी हरळीला शिव्या घालतो त्याच गुणांवर लॉन उभं असतं. ती वरून धावते आणि खालूनही धावते. जमिनीवरची तिची दोरी कांड्याकांड्याला मूळ सोडते, मातीखालची पांढरी टोकदार काशी वीटही चुकवून पलीकडे निघते. तुडवली तरी येते, कापली तरी येते. भाद्रपदात गल्लीतली निम्मी घरं आमच्या कुंपणाशी येऊन एकवीस एकवीसच्या जुड्या खुडून नेतात, तीन पानांचा कोवळा तुरा बघून; आठवड्यात तिथे खुडल्याची खूणही राहत नाही. (त्या दिवसांआधी लॉनवर कसलंही औषध मारायचं नाही, हा आमच्या घरातला एकमेव कडक नियम.) मेमध्ये वाळून पार कोळ झाली तरी खालची काशी जिवंत असते. अशा गवताची माणसं काळजी करतात, थंडीत पिवळं पडलं म्हणून घाबरून युरियाची मूठ मारतात, तेव्हा मला हसू येतं.

तिला एकच गोष्ट सोसत नाही, सावली. त्याबद्दल पुढे.

शरदातल्या कामांत सगळ्यात वेळखाऊ काम लव्हाळ्याचं. संतांनी लव्हाळ्याच्या नम्रतेचं कौतुक केलंय. त्यांच्या अंगणात लॉन नव्हतं. लांबून तो गवतातच मिसळून जातो, फक्त कापल्यानंतर दोन दिवसांनी बाकीचं गवत खाली आणि याची पोपटी पाती वर, असा उघडा पडतो. शंका आली तर दांडा चिमटीत धरून फिरवावा. गवताचा गोल फिरतो, लव्हाळ्याच्या तीन कडा बोटाला लागतात. तो ओढला की सुखानं हातात येतो आणि आपल्याला वाटतं काम झालं. खाली त्याची गाठ तशीच असते. शेंगदाण्याएवढी, काळपट, केसाळ, आणि तिला तारेसारख्या मुळानं जोडलेली दुसरी, तिच्यापुढे तिसरी. वरचं पातं तुटलं की गाठीवरचे झोपलेले डोळे फुटतात, एकाचे तीन होतात. म्हणून ओढायचा नाही, खणायचा. पाऊस थांबून तीनचार दिवस झाले की माती ना चिखल ना दगड अशी असते, तेव्हा खुरपं दांड्यापासून चार बोटं दूर, तिरकं नव्हे, सरळ खाली घालायचं आणि ढेकूळ उचलून हातानं फोडायचं. गाठ सापडली की तिला नखानं खरवडून बघा, आत पांढरी असते आणि वास येतो. ओळखीचा वास. याच कुळातला नागरमोथा दिवाळीच्या उटण्यात पडतो. अभ्यंगस्नानाला जो वास हवाहवासा, तो मिळवायला आठवडाभर आधी पाठ मोडून घ्यायची, असा हा सण.

खणून काढलेल्या गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. तिथे त्या मरत नाहीत, जेवतात. उन्हात फरशीवर पार वाळवून मगच टाकाव्या. दुधी आणि माका मात्र हातानं निघतात, त्यांचं काही कौतुक नको. फक्त बी धरायच्या आत.

दुसरी तपासणी हुमणीची. पहिल्या वळवानंतर संध्याकाळी कडुनिंबावर जे तपकिरी भुंगे घोंघावतात त्यांची ही पिल्लं, पावसाळाभर जमिनीखाली मुळं कुरतडत असतात. वर गवत हिरवंच असतं, ओल असल्यामुळे तग धरून. ऊन पडलं की एखादा पट्टा अचानक सुकतो, आपण पाणी वाढवतो, तो आणखी सुकतो. अशा जागी गवत मुठीत धरून उचलून पाहावं. मुळं शाबूत असतील तर हलत नाही. हुमणी असेल तर सतरंजीसारखं गुंडाळत येतं आणि खाली पांढऱ्या लठ्ठ अळ्या अर्धगोल होऊन पडलेल्या दिसतात. साळुंक्या एकाच जागी फार उतरायला लागल्या तरी समजावं. थोड्या असतील तर माती उकरून त्यांच्यासाठी उघडी टाकायची, त्या काम चोख करतात. जास्त असतील तर मेटारायझियम नावाची बुरशी मिळते, ती शेणखतात मिसळून ओल असतानाच मातीत घालायची. हे ओलीचं काम आहे, नोव्हेंबरच्या कोरड्यात ती बुरशीच मरते.

मातीला भोकं पाडायचं काम मात्र ओहायो आणि पुण्याचं एकच. आमच्या लॉनखाली सहा इंचांवर बांधकामाचा राडारोडा आणि मुरूम आहे, पुण्यातल्या बहुतेक बंगल्यांखाली असतो. चार महिने पावसानं थापटलेली माती वरून इतकी दडपते की पाणी आत जायच्याऐवजी फाटकाकडे चालू लागतं. यंत्र आपल्याकडे कोण आणणार. मामा चार दातांचा काटा घेतात, वीतभर अंतरानं पायानं दाबून आत घालतात, थोडा मागेपुढे हलवतात आणि काढतात. उपसलेली माती येत नाही, तेवढा फरक. मग चाळलेलं शेणखत, पोयटा माती आणि थोडी वाळू असं कालवून वरून पसरायचं, झाडूनं भोकांत लोटायचं. थर पाव इंचाच्या वर नको, पात्यांची टोकं दिसत राहिली पाहिजेत. शेणखत जुनं हवं, काळं, भुसभुशीत, वास न येणारं. ताजं घेतलंत तर त्याच्यासोबत गावचं सगळं तण घरपोच येतं.

कापणीत लोक घाई करतात. पावसाळ्यात गुडघ्याकडे निघालेलं गवत एकदम खाली घेतलं की हिरवा भाग सगळा जातो आणि उरतात पांढुरके खुंट. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नये, हा जगभरच्या माळ्यांचा नियम. चारपाच दिवस सोडून पुन्हा एक तृतीयांश, असं उतरत यायचं. हे कापायचं यंत्र १८३० साली इंग्लंडात स्ट्राउड इथे एडविन बडिंग नावाच्या कारागिरानं काढलं. लोकरी कापडावरची लव छाटायचं फिरतं पातं त्यानं गिरणीत पाहिलं आणि तेच गवताला लावलं. त्याआधी लॉन राखायचं तर विळेवाली माणसं किंवा मेंढरं लागायची, म्हणजे ते सरदार-जमीनदारांचंच काम. बडिंगनं ते मध्यमवर्गाच्या दारात आणलं, आणि तिथून फिरत फिरत पाऊस चारच महिने पडणाऱ्या या गावातही.

पाण्यापाशी मी थोडी कडू होते. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आमचं पाचशे चौरस फूट म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. ऑक्टोबरच्या उन्हात या गवताला दिवसाला तीनेक मिलीमीटर लागतं असं धरलं तरी रोज जवळपास १४० लिटर. शहरात माणसाला दिवसाकाठी १३५ लिटर पाणी मिळावं असा आपल्या देशातला मापदंड आहे. म्हणजे आमच्या घरात लॉन नावाचा एक जादा माणूस राहतो, न कमावणारा, आणि उन्हाळ्यात त्याची तहान आणखी वाढते. हा हिशेब केला तेव्हापासून आम्ही रोजचं शिंपडणं बंद केलं. रोज थोडं दिलं की मुळं वरच घुटमळतात. आठवड्यातून दोनदा, पहाटे, पाणी चार बोटं खाली उतरेल इतकं द्यावं आणि मधले दिवस त्याच्याकडे बघू नये. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणीही तिकडेच जातं.

खताचंही याच हिशेबात बसतं. एवढ्या जागेला युरियाचा नेहमीचा हप्ता अर्ध्या किलोच्या आसपास होतो. मी पाव किलोच देते, ऑक्टोबरात एकदाच, गवत कोरडं असताना संध्याकाळी, आणि लगेच भरपूर पाणी, नाहीतर पात्यांवर करपल्याचे ठिपके पडतात. मामांना हा चिकटपणा मंजूर नाही. जास्त दिलं तर जास्त वाढेल, जास्त कापावं लागेल, जास्त पाणी मागेल, हे माझं म्हणणं ते ऐकून घेतात आणि "वहिनी, चेहरा यायला पायजे की" म्हणतात.

त्यांचा चेहऱ्याचा आग्रह येतो कुठून ते मला ठाऊक आहे. ते सकाळी म्हात्रे पुलापलीकडे डीपी रस्त्यावरच्या एका लग्नाच्या लॉनवर कामाला असतात. पुण्यात शरदातली लॉनची खरी लगबग तिथे चालते. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात, तोपर्यंत पावसानं चिखल झालेलं मैदान हिरवंगार करून द्यायचं असतं. तिथे खत सढळ पडतं, पाणी सढळ पडतं, फोटोत हिरवं यायला हवं. मग पहिल्याच मुहूर्ताला हजारभर माणसं, खुर्च्यांचे पाय, टोकदार टाचा, जनरेटरची गाडी, आणि पंगतीच्या बाजूला सांडलेलं तेलकट पाणी. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुहूर्त असतो. हरळी आहे म्हणून हे सोसते. मुलीच्या केंटकीवाल्या गवताला एवढा आहेर झेपायचा नाही.

बी टाकायचा मुलीचा आग्रह राहिला. आमच्या जातीचं गवत मुळासकट काड्या लावून वाढवतात, विरळ जागी चार कांड्या खोचल्या की भागतं. पण शरदात पेरायची हौस आपल्याकडे नाही असं कुणी समजू नये. आधी घटाखालच्या मातीत धान्य पेरून होतं आणि नवव्या माळेपर्यंत त्याचे पिवळे कोंब वीतभर वाढतात. मग दिवाळीच्या तोंडावर किल्ले. सहामाही संपली की गल्लीतली पोरं घमेली घेऊन फाटकाशी उभी. "काकू, थोडी माती घेऊ?" थोडी म्हणजे राजगडाच्या तिन्ही माच्या होतील एवढी. नकार दिला तर रात्री कोपरा खणला जातो, म्हणून मी आधीच एक ढीग वेगळा ठेवते, लव्हाळ्याच्या गाठींचं खणकाम करताना निघालेल्या मातीचा. मुलं त्यावर हळीव आणि मोहरी पेरतात, पिचकारीनं पाणी मारतात, आणि धनत्रयोदशीला बुरुजांवर झाडी दाट झालेली असते. त्यातच मधूनमधून लव्हाळा उगवतो. एका मावळ्यानं येऊन तक्रार केली होती की आमच्या किल्ल्यावर तुमचं गवत आलं.

आता आंब्याखालची जागा. दरवर्षी पाऊस सरला की तिथे नवे तुकडे आणून लावायचे, दोन महिने ते हिरवे राहणार, मग सावलीनं विरत जाणार, असं चालत आलंय. रोपवाटिकेत सांगतात, सावलीला चालणारी दुसरी जात न्या. तीही जमेल, पण तिचं पाणी आणि नखरे वेगळे. यंदा मी ठरवलंय की तिथे लॉन नाही. सगळ्यात गडद सावलीत वाळलेली पानं पसरून ठेवायची, मुलीकडून शिकले ती एवढीच गोष्ट. सकाळचं ऊन जिथपर्यंत येतं त्या पट्ट्यात काय लावावं यावर घरात मतं होती. यांना ऑर्किड सुचत होतं, ते जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाऊन आले की दोन महिने टिकणारं लक्षण आहे. मामांनी काटा टेकवून जागा बघितली आणि म्हणाले, "गवती चहा लावा. ह्येबी गवातच, पन कापलेलं चहात तरी पडंल."

शेजारच्या काकूंच्या परसात त्याचं एवढं मोठं बेट झालंय की त्या देणारच आहेत. बदल्यात त्यांना दोन घमेली चाळलेलं शेणखत हवंय, आणि ते जुनंच हवं, असं त्यांनी दोनदा बजावलंय.